धुतलेले उंदीर

फुसाएने सिलिंडरची चावी केसभर फिरवली आणि हात थांबवला. नळीतून गॅस येतोय की नाही हे कळायला कान जवळ न्यावा लागत होता, आणि तसंच हवं होतं. काचेच्या पेटीत पाच उंदीर होते. एक मागच्या पायांवर उभा राहून कोपरा हुंगत होता, बाकीचे चौघे नव्या भुशात नाक खुपसून बसले होते. घाई केली की गॅस त्यांच्या नाकाला झोंबतो, जनावरं घाबरतात, पेटीभर धडपडतात. सावकाश केलं की आधी पेंग येते, मग झोप, आणि पुढचं झोपेतच उरकतं. मात्सुयामातल्या एका औषध कंपनीत बावीस वर्षं उंदीर सांभाळण्यात घालवल्यावर तिला एवढं तरी कळत होतं. तिथेही हे सगळ्यांना माहीत होतं, पण सगळ्यांना वेळेवर जेवायला जायचं असायचं.

उभा होता तो हळूच खाली बसला आणि त्याने दुसऱ्याच्या पाठीवर मान टाकली. फुसाए पेटीसमोर गुडघे मोडून बसून राहिली. सगळे निपचित पडले तरी उठली नाही. घड्याळाचा काटा चांगला दहा मिनिटं पुढे सरकल्यावर तिने चावी बंद केली, झाकण काढलं आणि एकेकाच्या छातीवर बोट ठेवून पाहिलं. कुणालाही शिकवताना ती पहिल्यांदा हेच शिकवायची: आपली खात्री झाली तरी आणखी थांबायचं.

मग तिचं आवडतं काम सुरू झालं. न्हाणीघरातल्या एनॅमलच्या तसराळ्यात तिने कोमट पाणी ओतलं आणि कोपर बुडवून पाहिलं, तान्ह्या बाळाच्या अंघोळीला पाहतात तसं. पहिला उंदीर डाव्या तळहातावर घेतला, दोन बोटांनी पोट चोळलं, पायांच्या बेचक्यातला भुसा काढला, शेपूट चिमटीतून ओढून घेतली. साबण नाही, साबण सापाला बाधेल. तीनदा पाणी बदललं. मग टॉवेल. आमच्या इमाबारी गावात टॉवेलांना तोटा नाही, गिरणीत नापास झालेले तर गठ्ठ्याने मिळतात, पण उंदरांसाठी फुसाएने पास झालेले ठेवले होते. टिपून झाल्यावर केस वाळवायच्या यंत्राची मंद हवा, आणि शेवटी दात घासायच्या मऊ ब्रशाने पाठीवरची लव एका दिशेला. पाचही जण कुशीवर, पाय पोटाशी, एका रांगेत. त्यांना कागदात गुंडाळून तिने फ्रीजरमध्ये ठेवलं.

असं ती पहिल्यापासून करत नव्हती. अडीच वर्षांपूर्वी तिची आई गेली. अंत्यविधीची माणसं घरी आली, त्यांनी टब आणला आणि विचारलं, तुम्हीही हात लावणार का. फुसाएने आईची पाठ धुतली, केस धुतले, नखांतला मळ काढला. आई जन्मभर तिच्याशी दोन शब्द धड बोलली नव्हती, आणि त्या दिवशी लेकीच्या हाताखाली मुकाट पडून होती. पुढच्या आठवड्यात फुसाएने उंदीर बांधायला घेतले आणि हात पुढे होईना. धुतल्याशिवाय त्यांना कागदात घालणं तिला जमेचना. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय त्यात?

ती स्वतः साप पाळत नव्हती. खरं सांगायचं तर साप तिला आवडतच नसत. ती उंदरांची माणूस. पण आमच्याकडे साप पाळणारी घरं दिसतात त्यापेक्षा पुष्कळ आहेत, आणि जिवंत उंदीर सापापुढे टाकणं कुणाच्या जिवाला बरं वाटत नाही. त्यामुळे कंपनीतून सुटल्यावर अकरा वर्षांपूर्वी तिने मागच्या खोलीत उंदीर वाढवायला घेतले, आणि बघता बघता बारा-तेरा घरं तिच्याकडून गोठवलेले उंदीर न्यायला लागली. त्यांतलं एक घर तामाई-सानांचं. जहाजांच्या कारखान्यात क्रेन चालवून निवृत्त झालेला विधुर माणूस, बोलायला जरा जडच. त्यांच्या माळ्यावर सापडलेली करड्या-हिरव्या रंगाची लांबलचक सापीण त्यांनी पाळली होती आणि तिला मोनाका हे मिठाईचं नाव ठेवलं होतं. बाकीची गिऱ्हाइकं फुसाएच्या दारात येऊन पुडकी न्यायची. तामाई-सानांकडे मात्र ती स्वतः जायची, एक आड एक गुरुवारी, दुपारी तीनला. आपण का जातो, हे तिने स्वतःला कधी विचारलं नाही. गल्लीने विचारून घेतलं होतं, आणि उत्तरही काढून ठेवलं होतं.

धुतलेले उंदीर तिने पहिल्यांदा नेले तेव्हा तामाई-सानांनी त्यांतला एक तळहातावर घेतला, खिडकीशी नेला आणि बराच वेळ पाहिला.

"किती निगुतीनं केलंय हो," ते म्हणाले.

बस, एवढंच. पण फुसाएला ते वाक्य अडीच वर्षं पुरलं. पाठ भरून आली, हात गारठले, की ती ते वाक्य मनात काढून बघायची आणि पुन्हा जागच्या जागी ठेवून द्यायची.

आणि नेमकी तिथून पुढे तिची घरं गळायला लागली. कुणी म्हणालं, सापाचं खाणं सध्या कमी झालंय. कुणी म्हणालं, हवा बदलली आहे, थोडे दिवस राहू द्या. एकाचा साप म्हणे कात टाकत होता. तो आठ महिने टाकतच होता. आमच्याकडची माणसं ही अशी. जीव गेला तरी तोंडावर नको म्हणायची नाहीत. फुसाएला मात्र एवढं दिसत होतं की तिच्याकडून गळलेलं घर थोड्याच दिवसांत हारुयोकडे उगवतं.

ही हारुयो चार वर्षांपूर्वी फुसाएकडे शिकायला आली होती. मुलगा ओसाकाला नोकरीला गेला आणि जाताना दोन साप आईच्या गळ्यात टाकून गेला. पन्नाशीची, गुबगुबीत, हसली की गालाला खळी पडणारी, आणि दर दोन वाक्यांनी हसणारी. शाळेतल्या पोरीसारखी ‘बाई, बाई’ करत मागे मागे असायची. खोकी कशी ठेवायची, दाणा कुठला, माद्या कधी वेगळ्या करायच्या, गॅस कसा सोडायचा, सगळं फुसाएने शिकवलं. आणि शिकून केलं काय तिने? तिच्या हातचे उंदीर म्हणजे पाठीला भुसा, पोटाखाली ओलं, वर चार लेंड्या, आणि असे ते जुन्या वर्तमानपत्रात कोंबलेले. फुसाएने एकदा एक पुडकं उघडून पाहिलं होतं, तिला शिसारी आली होती. आणि लोक तेच नेत होते. खळी बघायला जातात मेले, दुसरं काय, असं फुसाए मनात म्हणायची, आणि म्हणताना तिच्या पोटात खरोखरीच दुखायचं.

तरी एक वेळ तेही चाललं. दहा घरं गेली तर गेली. तामाई-सान होते तोवर फार काही गेलं असं तिने मानलं नाही.

त्या गुरुवारी ती नेहमीसारखी तीनला त्यांच्याकडे गेली. पुडकं दिलं, चहा झाला, मोनाका बरी आहे असं ते म्हणाले, तिच्या गुडघ्याची चौकशी केली. सव्वाचारला ती उठली. घरी जाण्याआधी उंदरांचा दाणा घ्यायला ती कालव्यापलीकडच्या दुकानात गेली, आणि येताना हारुयोच्या फाटकाशी तिला सायकल दिसली. मागचा मडगार्ड नारिंगी, जहाजाच्या तळाला लावतात त्या रंगाने रंगवलेला. तशी सायकल गावात एकाच माणसाची.

हे तिसऱ्यांदा. पहिल्यांदा तिने म्हटलं, वाटेत भेट झाली असेल. दुसऱ्यांदा म्हटलं, कुणाचा तरी निरोप असेल. आता म्हणायला काही उरलं नव्हतं. आपलं पुडकं ते कचऱ्यात टाकतात, सापासाठी हारुयोचे आणतात, आणि आपल्याला चहा पाजतात तो कीव म्हणून. बरं, तिच्याकडे स्वतः जातात. सायकलवर टांग टाकून जातात. फुसाएच्या दारात ते अकरा वर्षांत एकदाही आले नव्हते, आणि सगळ्यांत जास्त तिला हेच लागलं. ती स्वतःची सायकल हाताने ढकलत घरी आली. बसून चालवायची असते हे तिच्या लक्षातच आलं नाही.

पुढचे चार दिवस तिने हारुयोचा हिशेब मांडण्यात घालवले. खोकी साफ करताना मांडला, जेवताना मांडला. हारुयोची घरं इतकी वाढली, मग एवढे उंदीर सावकाश करायला ती वेळ कुठून आणते? चावी सरळ मोकळी सोडत असणार. आत जनावरं तडफडत असणार आणि ही बाहेर दात काढत असणार. तामाई-सानांना मुक्या जिवाचे हाल खपत नाहीत, रस्त्यातली गोगलगायसुद्धा ते उचलून कडेला ठेवतात. त्यांना हे कळलं तर त्या फाटकाशी ते पुन्हा सायकल लावणार नाहीत. फक्त एकदा आपल्या डोळ्यांनी पाहायला हवं होतं.

मंगळवारी सकाळी ती घरच्या झाडाची मोसंबी पिशवीत घालून निघाली. मंगळवार हा हारुयोचा उंदरांचा दिवस. तो फुसाएनेच ठरवून दिला होता. पुढच्या दाराची घंटा न वाजवता ती घराला वळसा घालून मागे गेली. उंदरांच्या खोलीचं दार हवेसाठी सरकवून ठेवलेलं होतं. त्या दाराशी पोचेपर्यंत फुसाए मनातल्या मनात घोकत होती: मोकळी सोडलेली असू दे. तडफडत असू देत.

हारुयो जमिनीवर बसली होती, एक हात चावीवर, दुसरा झाकणावर. गॅस इतका हळू सुटत होता की फुसाएला ऐकूच आला नाही. आणि काचेची पेटी नव्हतीच. उंदीर ज्या खोक्यात जन्मले, वाढले, त्याच खोक्यात होते, त्याच मळक्या भुशात, आपल्या घरट्यात एकमेकांच्या अंगावर. हारुयोने फक्त झाकण बदललं होतं. कुणी उभं राहत नव्हतं, कुणी कोपरे हुंगत नव्हतं. रोजची दुपारची झोप लागावी तशी त्यांना ती लागत गेली. फुसाएने इतक्या वर्षांत इतकं शांत मरण पाहिलं नव्हतं, आणि ती निराश झाली.

आपण निराश झालो हे तिला लगेच कळलं, आणि तिच्या कानशिलांना आग लागली. जे होऊ नये म्हणून ती जन्मभर झटली, तेच होत असावं या आशेने ती मोसंबी घेऊन आली होती.

तेवढ्यात हारुयोने वर पाहिलं, दचकली नाही, ओठांवर बोट ठेवून शेजारी बसायची खूण केली. फुसाए बसली. सगळं थांबलं. हारुयोने घड्याळ पाहिलं आणि आणखी दहा मिनिटं थांबली. मग एकेकाच्या छातीवर बोट ठेवलं. बाईंनी शिकवलेलं तिने कणभरही सोडलं नव्हतं. मग तिने उंदीर जसेच्या तसे वर्तमानपत्रावर मांडले आणि गुंडाळायला घेतले. फुसाएला आता काहीतरी बोलल्याशिवाय तिथून उठणं शक्य नव्हतं.

"अगं, निदान पुसून तरी घे त्यांना," ती म्हणाली.

हारुयो यावर हसेल असं तिला वाटलं होतं. हारुयो हसली नाही. तिने हातातलं पुडकं खाली ठेवलं, एप्रनला हात पुसले आणि उगाच पुन्हा पुसले.

"बाई, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"रागवायला काय झालंय मला."

"तुम्ही धुता ना त्यांना, तिथेच सगळा घोळ होतो. साप काय डोळ्यांनी जेवतो? त्याला वास लागतो. तुमच्या उंदराला वासच नाही हो. सापाला कळतच नाही, हे पुढ्यात काय ठेवलंय, उंदीर की कापसाचा बोळा."

फुसाए म्हणाली, तुझे साप नखरेल असतील. हारुयोने मान खाली घातली आणि एकेक घर मोजून सांगितलं. पेट्रोलपंपाच्या मालकाचा अजगर तीन महिने उपाशी राहिला. शाळेतल्या शिक्षकांचे दोन्ही साप तोंड फिरवून बसले. सगळे तिच्याकडे आले ते शेवटी, बिचारे लाजत, आणि प्रत्येकाने बजावलं की बाईंच्या कानावर घालू नका. काय सांगणार होतं कोण? इतक्या मायेने धुतलेलं. त्यावर नाक मुरडायचं कसं?

फुसाए ऐकत होती. तिला सापांचं काही पडलं नव्हतं, पेट्रोलपंपाचं तर नव्हतंच.

"म्हणून तामाई-सान तुझ्याकडून नेतात तर," ती शेवटी म्हणाली.

"माझ्याकडून? छे हो. मी फुकट देऊ केला तरी माझा उंदीर घेत नाहीत ते. ते भुसा न्यायला येतात."

"भुसा?"

"खोक्यातला, वापरलेला. ताजा दिला तर म्हणतात हा नको, घाणेरडा द्या. कापडी पिशवी आणतात घरून. मग तुमचे उंदीर कोमट करून त्यात घोळवतात, आपण पिठात मासा घोळवतो ना, तसे. मग खाते त्यांची मोनाका. दोन वर्षं होतील याला." इथे हारुयोला राहवलं नाही, तिला जरा हसू आलंच. "मी म्हटलं त्यांना, अहो, सांगून टाका ना बाईंना सरळ. तर म्हणाले, नको. फुसाए-सान त्या पाण्यात आईला धुतात, म्हणाले."

खोक्याच्या कडेला भुशाची एक काडी लागली होती, ती फुसाएने काढली आणि मुठीत धरली. आईचं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनाही नाही. त्यांनी ते आपलं आपण ओळखलं होतं, त्या गुरुवारांना समोर बसून चहा पिता पिता. या गोष्टीने तिला भरून यायला हवं होतं, आणि यायलाही लागलं होतं. पण मग ते ओळखलेलं त्यांनी बोलून दाखवलं कुणाला?

हारुयो आपल्या भरात सांगतच होती. भुसा भरून झाला की अर्धा तास बसतात, चहा घेतात. सुरुवातीला तिला वाटलं होतं हा माणूस म्हणजे दगड, पण हसतात हो, एकदा हसायला लागले की थांबतच नाहीत, डोळ्यांतून पाणी येतं. कारखान्यातल्या गोष्टी सांगतात, क्रेनवर अडकले होते ती तर काय विचारू नका. बाईंना सांगितली असेलच.

"सांगितली आहे," फुसाए म्हणाली.

तिने मोसंबी दिली, आपली हातात होती तशी, आणि निघाली. वाटेत तिला वाटलं होतं की आता हलकं वाटेल. उंदीर कचऱ्यात जात नव्हते. कीव नव्हती. माणूस तिच्यासाठी दोन वर्षं घाण भुशाची पिशवी वाहत होता. गावातल्या दुसऱ्या कुठल्या बाईसाठी कुणी एवढं केलं असेल? हे सगळं तिने स्वतःला नीट समजावलं, आणि कालव्याच्या पुलावर पोचेपर्यंत तिचा जळफळाट दुप्पट झाला होता. त्या दोघांचं मिळून एक गुपित होतं. दोघं मिळून तिला सांभाळत होते, आजाऱ्याला सांभाळावं तसं, आणि सांभाळता सांभाळता चहा पीत होते, हसत होते. तिच्यासमोर ते अकरा वर्षांत हसले नव्हते. तिच्यासमोर ते फक्त जपून बसायचे.

तामाई-सानांकडे जायच्या पुढच्या गुरुवारी सकाळी तिने उंदीर केले, पेटी न वापरता, त्यांच्याच खोक्यात. हारुयोची रीत बरी होती, आणि बऱ्या गोष्टीला बरी म्हणण्याइतकी ती अजून शहाणी होती. मग सवयीने न्हाणीघराकडे वळली, आणि दारातच थांबली. चौघे तिच्या ओंजळीत होते, अंगाला भुसा, एकाच्या मिशीला दाण्याचा कण. तिचा अंगठा आपोआप तो कण पुसायला गेला, तो तिने आवरला. तिने त्यांना तसंच कागदात घातलं, आणि कागद बंद करताना तोंड दुसरीकडे वळवलं. साप पोटभर जेवावा म्हणून तिने हे केलं असं म्हणता आलं असतं. पण उगाच खोटं कशाला बोला. उंदराला वास असला की भुसा लागत नाही, आणि भुसा लागला नाही की सायकल काढावी लागत नाही, म्हणून केलं.

तीन वाजता तामाई-सानांनी ओट्यावर पुडकं उघडलं. फुसाए स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. ते वाकून पाहत राहिले.

"हे तुमचे नाहीत," ते म्हणाले.

"माझेच आहेत. सकाळचेच. गोठवलेलेही नाहीत."

त्यांनी हळूच कागद पुन्हा मिटला. मग विचारलं, हारुयो-सान बोलल्या का. ती हो म्हणाली. वाईट वाटलं का, असं त्यांनी विचारलं, आणि ती म्हणाली, छे, उलट बरंच झालं, इतके दिवस तुम्हाला उगीच त्रास. त्रास कसला, असं ते पुटपुटले, आणि त्यांचे कान लाल झाले. हा प्रसंग लवकर संपावा म्हणून की काय, त्यांनी लगेच गरम पाण्याची पिशवी भरली आणि उंदीर त्यावर शेकायला ठेवले. फुसाए म्हणाली, आज मी बघते ती जेवताना. आजवर तिने कधी पाहिलं नव्हतं.

मोनाका पेटीच्या मागच्या कोपऱ्यात वेटोळं घालून होती. तामाई-सानांनी चिमट्यात उंदीर धरून आत नेला. एकदा जीभ बाहेर आली, पुन्हा आली, मग ते सगळं लांबलचक अंग जागं झालं, आणि पुढचं इतक्या झटक्यात झालं की फुसाए मागे सरली. मग सगळं सावकाश. डोकं गेलं, खांदे गेले, शेवटी शेपूट तेवढी ओठाबाहेर राहिली आणि तीही गेली. अडीच वर्षांत फुसाएच्या हातचा उंदीर पहिल्यांदाच कुणाच्या मदतीशिवाय पोटात गेला होता. तिला वाटलं, आपण जिंकलो.

"छान खाल्लं," ती म्हणाली.

मग तिने वळून तामाई-सानांकडे पाहिलं. ते सापाकडे बघत नव्हते. घड्याळात सव्वाचार झाले होते. ते सवयीने उठून दाराशी गेले होते आणि खुंटीवरून एक रिकामी कापडी पिशवी त्यांनी काढली होती. आता ती हातात धरून ते उभे होते, आणि तिचं काय करायचं हे त्यांना सुचत नव्हतं. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. गुरुवारी तो नेहमीच असायचा. आजवर फुसाए समजत होती की तो तिच्यासाठी आहे.

"आज काही जायला नको म्हणा," ते म्हणाले, तिच्याशी नव्हे, पिशवीशी.

ती जागची हलली नाही. मग तिने एकदाच खात्री करून घ्यायचं ठरवलं. साप तर आता तिच्या डोळ्यांदेखत जेवला होता. तो कशाने जेवतो याबद्दल या घरात कुणाला शंका राहिली नव्हती. उत्तर एकच होतं, आणि ते द्यायला सोपं होतं. नको, असेच आणा, एवढंच त्यांनी म्हणायचं होतं.

"पुढच्या खेपेला," ती म्हणाली, "पुन्हा धुवून..."

"हो," तामाई-सान म्हणाले, "तेच बरं."

‘आणू की असेच हवेत’ हे तिचं विचारायचं राहून गेलं होतं.